डॉवेल प्लेटसाठी लाकडी बैठक: जानेवारी ते जुलै

डॉवेल प्लेट हे दिसायला अगदी साधं अवजार. कठीण पोलादाची जाड पट्टी आणि तिच्यात वेगवेगळ्या मापांची भोकं, बस्स. चौकोनी काठी भोकावर उभी धरायची, मोगरीने (लाकडी हातोड्याने) ठोकत न्यायची, की कडेचं लाकूड सोलत सोलत खालून गोल डॉवेल, म्हणजे सांध्यात घालायची लाकडी खुंटी, बाहेर येतो. मी ही प्लेट करून घेतली, तेव्हा सगळं लक्ष पोलादावर होतं. ती कशावर ठेवून ठोकायची, याचा विचार नंतर सुरू झाला, आणि खरं काम तिथेच आहे हे हळूहळू कळलं. प्लेट जरा जरी हलली किंवा एका बाजूला दबली, तर डॉवेल वाकडा येतो नाहीतर मध्येच फाटतो. या बैठकीबद्दल मराठीत लिहिलेलं मला फारसं सापडलं नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. मी सुतार नाही. बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी लाकडाचं काम करते. त्यामुळे घरी थोडीफार हत्यारं असलेल्या कुणालाही हे जमावं.

सुरुवात झाली सासूबाईंच्या जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्यांपासून. सागवानी, साठ-एक वर्षांच्या जुन्या, आणि सगळ्या डुगडुगायला लागलेल्या. 11 जानेवारी 2025 ला, शनिवारी, त्यातली पहिली खुर्ची उघडली. मागचा पाय आणि बसायच्या जागेची आडवी पट्टी यांच्यामध्ये दोन-दोन डॉवेल होते. सरस वाळून त्याची पिवळी भुकटी झाली होती आणि एक डॉवेल भोकातच तुटलेला होता. तो कोरून काढल्यावर व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावला, तर भोक 9.5 च्या किंचित वर भरलं. म्हणजे मूळ माप तीन अष्टमांश इंच, 9.525 मिलिमीटर. बाजारात तयार डॉवेल मिळतात ते 6, 8, 10 आणि 12 मिलिमीटरचे. आठचा आत खुळखुळतो, दहाचा जात नाही. भोक दहाचं करून घ्या, असं दुकानदार सहज सांगतो. पण ही आडवी पट्टी जेमतेम 20 मिलिमीटर जाड आहे आणि जुनी भोकं मधोमध नाहीत. एका बाजूला लाकूड फारच पातळ उरलं असतं. शिवाय तयार डॉवेल बहुतेक रबरवुडचे किंवा बीचचे असतात, आणि मला सागाच्या खुर्चीत सागच हवा होता.

परदेशी कंपन्यांच्या तयार प्लेटा चांगल्या असतात, पण किंमत, कुरिअर आणि कस्टम ड्यूटी मिळून आकडा माझ्या आवाक्याबाहेर जात होता. म्हणून पुण्यातच करून घ्यायचं ठरवलं.

आलेखकागदावर चित्र काढलं. पट्टी 150 बाय 50, जाडी 8 मिलिमीटर. मधल्या रेषेवर 20-20 मिलिमीटरच्या अंतराने सहा भोकं: 13, 11.5, 10.5, तीन अष्टमांश इंच, 8 आणि 6. पहिली तीन पायऱ्यांसारखी आहेत. जाड काठी एकदम साडेनऊच्या भोकात घातली तर फाटते, टप्प्याटप्प्याने बारीक करत आणली तर नीट उतरते. दोन्ही टोकांपासून 10 मिलिमीटरवर पाच मिलिमीटरचं एकेक भोक, स्क्रूचं डोकं आत बसावं म्हणून काउंटरसिंक केलेलं. ही दोन भोकं चित्रात आधीपासून असायलाच हवीत. पोलाद एकदा कडक केलं की घरच्या ड्रिलने त्यात काही करता येत नाही. प्लेट बैठकीवर कशी धरून ठेवायची हे म्हणजे पोलाद विकत घेण्याआधीच ठरवावं लागतं.

पोलाद घेतलं ओएचएनएस. तेलात कडक होणारं हे टूल स्टील मिळायला सोपं आहे, आणि कडक करताना वाकण्याचं प्रमाण यात कमी असतं. नुसत्या एमएसच्या, म्हणजे साध्या मऊ पोलादाच्या, पट्टीतही डॉवेल निघतात, आठ-दहा हवे असतील तर तेवढ्याने भागेल. पण सागात सिलिका असते आणि ती धार फार लवकर खाते. सहा खुर्च्यांचं काम मऊ पट्टीवर निघालं नसतं. कापून दिलेला तुकडा 240 रुपयांना मिळाला.

यानंतर भोसरीच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथे पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: एमआयडीसीतल्या बहुतेक वर्कशॉपांना गुरुवारी सुट्टी असते. मी नोकरीतली रजा बरोबर गुरुवारची टाकणार होते, एका सहकाऱ्याने वेळेवर सांगितलं. बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, "किती नग?" एक म्हटलं की चेहरा बदलायचा. त्यात त्यांची चूक नाही. मशीनवर जॉब बांधायला, ड्रिल आणि रीमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) बदलायला जेवढा वेळ जातो, तेवढाच शंभर नगांनाही जातो. शेवटी एका छोट्या शेडमधले वयस्कर टर्नर तयार झाले. चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ताई, हे भोक खालून रुंद कशाला?"

खुर्चीचा तुटका डॉवेल पर्समध्ये होता, तो काढून दाखवला. भोक वरून खालपर्यंत सारखं असलं तर लाकूड सगळ्या जाडीभर घासत जातं, तापतं आणि अडकतं. वरच्या तोंडाशी धार हवी, खाली मोकळं व्हायला हवं. त्यांनी मान हलवली आणि स्वतःच सुचवलं की मागच्या बाजूने टेपर पिनचा, म्हणजे निमुळता, रीमर फिरवतो. त्याचा उतार पन्नासाला एक असतो, म्हणजे आठ मिलिमीटरच्या जाडीत खालचं तोंड साधारण 0.16 मिलिमीटरने मोठं होतं. डोळ्यांना दिसत नाही, पण तेवढं पुरतं. या कामाचे 700 रुपये झाले आणि प्लेट दहा दिवसांनी मिळाली. हीट ट्रीटमेंटला देण्याआधी प्लेटवर नंबर पंचने एखादी खूण करून घ्यायला त्यांनीच सांगितलं. मी माझी आद्याक्षरं मारून घेतली.

हीट ट्रीटमेंटवाल्यांकडे कागदपत्रांचा भाग आला. काउंटरवर डिलिव्हरी चलन मागितलं आणि जीएसटी नंबर विचारला. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. विचारल्यावर कळलं की खाजगी माणसाचं कामही घेतात, फक्त कोऱ्या कागदावर नाव, पत्ता, मालाचं वर्णन, पोलादाचा प्रकार, वजन आणि हवी असलेली हार्डनेस लिहून सही करून द्यावी लागते. तोच कागद मग चलनासारखा चालतो. प्लेट साधारण अर्धा किलो भरली. हार्डनेस मी 58 ते 60 एचआरसी (पोलादाचा कठीणपणा मोजायचं रॉकवेल माप) लिहिली. ओएचएनएस साधारण 800 अंशांपर्यंत तापवून तेलात विझवतात आणि मग 200 अंशांच्या आसपास टेम्पर करतात, त्यात ही हार्डनेस मिळते. दर किलोवर असला तरी एका लॉटची किमान रक्कम ठरलेली असते: 500 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 590. "पुढच्या बुधवारी या" असं सांगितलं. त्या बुधवारी माझ्या ग्रेडची भट्टी लागलीच नव्हती. एका नगासाठी वेगळी भट्टी कुणी पेटवत नाही, त्याच पोलादाचा दुसऱ्या कुणाचा माल यावा लागतो. जवळजवळ तीन आठवडे गेले. प्लेट परत आली ती इतर काळ्याकुट्ट तुकड्यांच्या ढिगातून, चिठ्ठी गळून पडलेली. पंचची अक्षरं होती म्हणून ओळखता आली. हे काम मार्चअखेरीच्या गर्दीत नेऊ नका. मी फेब्रुवारीत नेलं, तरी एवढा वेळ लागला.

शेवटी 200 रुपयांत वरची बाजू सरफेस ग्राइंडरवर घासून घेतली. चकचकीत झाली. भोकांच्या कडा नखाला लागताच कळलं की आता हिच्यापासून बोटं सांभाळायला हवीत.

प्लेट भट्टीची वाट बघत पडली होती, तेव्हाच मी लाकूड शोधायला लागले होते. बैठकीचा मुख्य ठोकळा सागाचा करायचा नाही हे एका ओळखीच्या मिस्त्रींनी पहिल्याच बोलण्यात सांगितलं. "साग दाराला चांगला, मार खायला बाभूळ." बैलगाडीच्या चाकांना, अवजारांच्या दांड्यांना आपल्याकडे बाभूळ वापरतात ते याचसाठी. तिचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे ठोके खाऊनही ती सहजी चिरत नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात मात्र बाभूळ मागितली की लोक जळाऊ लाकडाच्या वखारीकडे बोट दाखवतात. तिथे ती वजनावर मिळते. ढिगाच्या तळाशी, भिंतीकडेच्या कोरड्या जागेत काही जाड ओंडके कितीतरी दिवस पडून होते. टोकांना तडे गेले होते, मधला भाग धड होता. जाड लाकूड वाळायला दर इंचाला साधारण वर्ष धरतात. असे जुने पडलेले ओंडके म्हणूनच सोन्यासारखे. वखारवाल्यांनी 350 रुपये घेतले आणि शेजारच्या सॉ मिलमध्ये 100 रुपयांत मला चौकोनी कापून मिळालं. सॉ मिलवाल्यांनी आधी ओंडक्यात खिळा तर नाही ना म्हणून चुंबक फिरवून बघितलं. बाभळीत कुंपणाची तार हमखास सापडते म्हणे.

पाय मात्र सागाचे केले. बल्लारशा सागाचे कापून उरलेले जाड तुकडे टिंबर मार्केटात निवडून घेता येतात, घनफुटाच्या दरापेक्षा बरेच स्वस्त पडतात. दोन पायांना आणि एका आडव्या फळीला मिळून 900 रुपये लागले. पक्कं बिल घ्या आणि जपून ठेवा. गावाकडून सागाचा ओंडका आणायचा विचार आधी होता, पण त्याला वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो, आणि एवढ्याशा लाकडासाठी ते सगळं करण्यात अर्थ नव्हता.

आता बैठकीचा आकार. बहुतेक लोक प्लेट टेबलाच्या शिकंज्यात धरतात किंवा टेबलालाच भोक पाडतात. माझ्याकडे भक्कम टेबल नाही. गॅलरीत जे आहे ते हलकं, ठोके मारले की उडतं. आणि ठोक्याची सगळी ताकद खाली जायला हवी. टेबल उसळलं की तेवढा जोर वाया जातो. आपले सुतार तर पिढ्यानपिढ्या जमिनीवर बसूनच काम करत आलेत. तेव्हा मी जमिनीवर ठेवायची, चौरंगासारखी बैठक ठरवली: वर बाभळीचा ठोकळा 300 बाय 100, जाडी 65 मिलिमीटर, दोन्ही बाजूंना 40 मिलिमीटर जाड सागवानी फळ्यांचे पाय, पाय वर ठोकळ्याएवढे आणि खाली 180 मिलिमीटर रुंद, म्हणजे कलंडत नाही, मागच्या बाजूला खाली एक आडवी फळी. पायांची मोकळी उंची 280 मिलिमीटर ठेवली. माझ्या काठ्या 250 च्या होत्या, त्यामुळे डॉवेल पूर्ण बाहेर पडून खालच्या डब्यात जातो. लांब डॉवेल हवे असतील तर ही उंची आधी ठरवा, बाकी मापं तिच्यावरून येतात.

बैठक जोडायला मार्चचा पूर्वार्ध गेला. होळीच्या आठवड्यातली सुट्टी त्यात कामी आली. पायांच्या वरच्या टोकाला कुसू, म्हणजे भोकात बसणाऱ्या जिभा, काढले, ठोकळ्यात आरपार भोकं केली आणि वरून शिसमाच्या पाचरी ठोकल्या. पाचर ठोकळ्याच्या तंतूंना आडवी येईल अशी ठेवावी. तंतूंच्या दिशेत ठेवली तर ती ठोकळाच चिरते. ठोक्याचा भार कुसवाच्या खांद्यावर, म्हणजे त्याच्या बुडाशी असलेल्या सपाट कडेवर, येतो, म्हणून खांदा आणि ठोकळ्याचा तळ यांच्यात फट राहता कामा नये. मी दिव्यासमोर धरून उजेड दिसेनासा होईपर्यंत पटाशीने खांदे तासत राहिले. बाभूळ पटाशीला फार त्रास देते, दर थोड्या वेळाने धार लावावी लागते. रंधाही उलट-सुलट तंतूंवर लाकूड उपटतो. शेवटी वरची बाजू रंध्याऐवजी स्क्रॅपरने साफ केली.

प्लेटची खाच हा सगळ्यात नाजूक भाग. प्लेट 8 मिलिमीटर जाड आहे आणि खाच मी 6 मिलिमीटर खोल केली. दोन मिलिमीटर प्लेट वर राहते, म्हणजे धार लावताना ती न काढताही दगड फिरवता येतो. खाचेचा तळ अगदी सपाट हवा. तळाला गुण्याची (काटकोन तपासायच्या अवजाराची) पाती उभी टेकवून उजेड दिसतो का पाहायचं, शिवाय प्लेटच्या पाठीला पेन्सिलीची भुकटी चोळून प्लेट खाचेत दाबायची. जिथे काळं उठतं तिथे उंचवटा आहे. तो खरवडायचा आणि पुन्हा बघायचं. चांगल्या उजेडात, घाई न करता बसलं तर हे काम आवडायला लागतं. प्रत्येक वेळी काळे डाग जरा जास्त पसरतात, आणि शेवटी सगळ्या तळावर सारखे उमटतात. मग प्लेट बोटाने वाजवली की पोकळ आवाज येत नाही, ठोकळ्यासकट एकच घट्ट आवाज येतो. तो आवाज आला की थांबायचं.

खाचेच्या रुंदीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हे सहसा कुणी सांगत नाही. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं. लांबीत जवळजवळ काहीच बदल होत नाही. पोलाद लाकडासारखं हलत नाही. खाच प्लेटला रुंदीत घट्ट बसवली आणि नंतर कोरड्या दिवसांत लाकूड आकसलं, तर खाच अरुंद होऊन प्लेटला चिमटते, आणि प्लेट हटत नाही म्हणून ठोकळाच तडकतो. मी लांबीत खाच नेमकी ठेवली आणि रुंदीत दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर मोकळीक दिली. मार्च महिना, लाकूड बऱ्यापैकी कोरडं; तेवढी पुरली. तुम्ही पावसाळ्यात बैठक करणार असाल तर मोकळीक वाढवा, कारण ते लाकूड पुढे उन्हाळ्यात अजून आकसणार आहे.

खालची भोकं पाडताना मी प्लेट खाचेत स्क्रूने आवळून घेतली. मग प्रत्येक भोकात त्याच मापाचं ड्रिल हाताने फिरवून लाकडावर मध्यबिंदूची खूण केली आणि प्लेट काढून टाकली. प्लेटमधून सरळ ड्रिल चालवायचं नाही. पोलादाची कड आणि ड्रिल दोन्ही खराब होतात. आधी तीन मिलिमीटरचं बारीक भोक आरपार, मग दोन्ही बाजूंनी मोठं. लाकडातलं भोक प्लेटच्या भोकापेक्षा साधारण चार मिलिमीटर मोठं ठेवलं. त्याहून लहान असलं तर डॉवेल कडेला घासतो, फार मोठं असलं तर धारेजवळच्या पोलादाला खालचा आधार राहत नाही. खालच्या बाजूला भोकं अजून थोडी पसरट केली. त्यासाठीचं जाड गिरमिट जुन्या बाजारात रविवारी 120 रुपयांना मिळालं होतं. गंज होता, पण मळसूत्राचं टोक शाबूत होतं. घेताना तेच बघायचं, कारण लाकडात शिरताना गिरमिट त्याच टोकाच्या जोरावर ओढलं जातं.

स्क्रू बसवण्याआधी बाभळीत योग्य मापाचं भोक पाडा आणि स्क्रूला मेण लावा, नाहीतर डोकं पिळवटून तुटतं. शेवटी बैठकीला जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता निघते आणि गोळा केलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. मी त्या गॅलरीच्या कठड्यावर पसरून वाळवल्या आणि मग टाकल्या. स्क्रू, तेल आणि पॉलिश पेपर मिळून 150 रुपये.

आता ठोकायला जागा हवी होती. तिसऱ्या मजल्यावर ठोकठोक केली तर खालच्यांनी तक्रार करणं साहजिक आहे. तळमजल्याच्या पार्किंगचा एक कोपरा वापरता येईल का, असा लेखी अर्ज मी सोसायटीच्या सेक्रेटरींना मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दिला. तोंडी विचारू नका, लेखीच द्या. अर्जात काम काय, किती दिवस, आवाज कसला, भुसा कोण साफ करणार हे सगळं लिहिलं. कमिटीची बैठक महिन्यातून एकदाच होते, त्यामुळे उत्तर 13 एप्रिलनंतर आलं: सकाळी 10 ते 1 आणि दुपारी 4 ते 6, रविवारी दुपारी काम नाही, विजेचं कनेक्शन सोसायटीच्या मीटरवरून नाही. मला वीज लागतच नव्हती. पत्राची प्रत वॉचमनकाकांकडे ठेवली, म्हणजे कुणी विचारलं तर तेच दाखवत.

पार्किंगमध्ये जाडसर रबरी मॅटवर बैठक ठेवली, समोर पाटावर बसले आणि आडव्या फळीवर पाय दाबून धरला. पहिली काठी करवतीने कापलेली घेतली नाही. सागाचा सरळ तंतूंचा तुकडा कोयत्याचं पातं ठेवून मोगरीने फाडला. फाडलेल्या लाकडात तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात, आणि डॉवेलची ताकद त्यावरच असते. कापलेल्या काठीत तंतू तिरके बाहेर पडले तर ती प्लेटच्या धारेवर तिथेच फाटते. चौकोनी काठीचे कोपरे रंध्याने मारून ती आठकोनी केली, टोक चाकूने पेन्सिलीसारखं निमुळतं केलं.

तेराच्या भोकात दोन-तीन ठोक्यांत गेली. साडेअकरा, साडेदहा. साडेनऊच्या भोकाला आवाज बदलतो; टक्‌ टक्‌ ऐवजी सरकत गेल्यासारखा, आणि काठीभोवती लाकडाची कुरळी झालर उमलत वर येते. शेवटचा भाग आत ढकलायला मोगरी प्लेटवर आपटू नये म्हणून त्यापेक्षा बारीक अशी वेगळी काठी वर ठेवून ठोकायची. डॉवेल डब्यात पडला तो बोटात धरून फिरवला, मग काचेवर ठेवून घरंगळवला. कुठेही न अडकता घरंगळला. व्हर्नियरवर 9.5. खुर्चीच्या भोकात हाताच्या दाबाने गेला आणि शेवटच्या थोड्या भागाला मोगरीचा हलका ठोका लागला. सासूबाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी तो डॉवेल हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "सागच आहे गं."

मोगरी लाकडीच वापरा. लोखंडी हातोडीने काठीचं डोकं फुटतं आणि ठोका तिरका पडला तर प्लेटची कड उडू शकते. काठी डावी-उजवीकडे झुकली तर समोरून कळतं, पुढे-मागे झुकली तर कळत नाही. म्हणून सुरुवातीला एक लहान गुण्या शेजारी उभा ठेवायचा. प्लेट घरी ठेवताना तेलाचा हात देते, पण तेल डॉवेलला लागलं तर फेविकॉल धरत नाही. म्हणून काम सुरू करताना प्लेट स्पिरिटने पुसायची, आणि पहिला डॉवेल टाकाऊ लाकडाचा काढून बाजूला टाकायचा. प्रत्येक डॉवेलवर करवतीने एक उभी, उथळ खाच मारायची. नाहीतर भोकातली हवा आणि सरस अडकून डॉवेल तळापर्यंत जातच नाही. सागामुळे धार उतरते तेव्हा डॉवेलचा पृष्ठभाग केसाळ व्हायला लागतो. मग प्लेटच्या सपाट वरच्या बाजूवर तेलाचा दगड सपाट ठेवून फिरवायचा. भोकाच्या आत काही करायचं नाही, तिथे घासलं की माप बदलतं.

सगळ्या खुर्च्या एप्रिल-मेमध्ये संपवायच्या असं ठरवलं होतं. पण 2025 साली पावसाने वाटच पाहिली नाही. मेच्या मध्यापासून पुण्यात पाऊस सुरू झाला, आणि 26 मे रोजी तर मोसमी पाऊस मुंबईतही पोचला, नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी. त्या दमट हवेत आधी काढून ठेवलेले डॉवेल व्हर्नियरने मोजले, तर एका दिशेत जास्त फुगलेले, म्हणजे किंचित लंबगोल झालेले. लाकूड वर्तुळाच्या सगळ्या दिशांनी सारखं फुगत नाही. तेव्हापासून डॉवेल आदल्या दिवशी काढून ठेवत नाही. वाळलेल्या काठ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात असतात, आणि ज्या दिवशी सांधा चिकटवायचा त्याच दिवशी त्या प्लेटमधून काढते.

जुलैत बैठक पुन्हा तपासली. ठोकळा फुगल्यामुळे प्लेटच्या बाजूची फट मार्चपेक्षा जराशी वाढलेली दिसते, कुठे तडा नाही. पाचरी घट्ट आहेत. एक स्क्रू किंचित ढिला वाटला, तो आवळला. प्लेटच्या पाठीवर, जिथे तेल पोचत नाही तिथे, गंजाचे बारीक ठिपके होते. आता पावसाळ्यात प्लेट खाचेतून काढून वेगळी, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवते.

सगळा खर्च मिळून 3,350 रुपये झाला: प्लेटचे 1,730, लाकूड आणि कापणावळ 1,350, गिरमिट 120 आणि किरकोळ 150. यात वाचवता येण्यासारखी गोष्ट म्हणजे हीट ट्रीटमेंटची किमान रक्कम. ओळखीच्या दोघा-तिघांनी एकाच वेळी प्लेटा करून एकाच कागदावर दिल्या तर ती वाटली जाते, आणि टर्नरकडेही एका नगाऐवजी तीन नग म्हटलं की बोलणं सोपं होतं. सहापैकी चार खुर्च्या जोडून झाल्या आहेत. उरलेल्या दोन सरस नीट वाळेल अशा कोरड्या हवेत, दसऱ्यानंतर उघडणार आहे.